गर्डरचा पूर्ण ताकदीचा साइट-जोड: एनपीबी ५०० च्या उदाहरणासह

गिरणीतून येणारे रोल केलेले गर्डर साधारण बारा मीटरचे असतात, आणि ट्रेलरवर त्याहून लांब माल चढवणं महागात पडतं. म्हणून अठरा मीटरचा बीम दोन तुकड्यांत येतो आणि साइटवर प्लेटा-बोल्ट लावून जोडला जातो. या जोडाला सगळे स्प्लाइस म्हणतात. ड्रॉइंगवर बहुतेक वेळा एकच ओळ असते: 'फुल स्ट्रेंग्थ स्प्लाइस'. तपशील फॅब्रिकेटरच्या डिझायनरने काढायचा असतो आणि तो डिझायनर अनेकदा वर्षभरापूर्वीच डिप्लोमा किंवा डिग्री करून आलेला असतो. हा लेख त्याच्यासाठी आहे. सगळे आकडे आयएस ८००:२००७ (पोलादी बांधकामाचा भारतीय कोड) च्या लिमिट स्टेट पद्धतीने काढले आहेत. कॅल्क्युलेटर आणि कोड शेजारी ठेवून वाचा.

पूर्ण ताकद म्हणजे काय, ते आधी नक्की करू. जोडाजवळचा बीम जेवढं मोमेंट (वाकवणारा परिणाम) घेऊ शकतो, तेवढं जोडानेही घेतलं पाहिजे. त्या जागी प्रत्यक्ष किती मोमेंट येतं, हा वेगळा प्रश्न आहे. इथे मागणी बीमच्या ताकदीवरून ठरते, लोडवरून नाही.

खरंच हवा आहे का?

डिझायनरने हा प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण पूर्ण ताकदीचा जोड स्वस्त नसतो. साध्या टेकूंवरच्या बीममध्ये, समान पसरलेल्या लोडखाली, मोमेंट मध्यावर सर्वांत जास्त असतं. टेकूपासून पाव स्पॅनवर ते मध्याच्या पाऊणपट राहतं, एक-षष्ठांश स्पॅनवर निम्म्याच्या थोडं वर. सलग बीममध्ये मोमेंट शून्यातून जाण्याची जागा असते आणि जोडासाठी ती सर्वांत सोयीची. पण लोडची मांडणी बदलली की ती जागा सरकते. म्हणून एका लोडकेसवर विसंबू नका, सगळ्या केसचं मिळून मोमेंट पाहा.

आयएस ८०० च्या परिशिष्ट एफ मध्ये, जास्तीत जास्त मोमेंटच्या जागेपासून दूर असलेल्या रोल बीमच्या जोडासाठी एक सवलत आहे: सगळं मोमेंट फ्लॅन्जच्या (वरच्या-खालच्या आडव्या पट्ट्यांच्या) प्लेटांनी घ्यावं आणि वेबने (मधल्या उभ्या पट्टीने) फक्त शिअर (कापणारं बल), असं गृहीत धरता येतं. कमी मोमेंटच्या जागी ही सवलत जरूर घ्या. पण पूर्ण ताकदीच्या जोडाला ती जशीच्या तशी लावली की गणित फसतं. कसं फसतं ते पुढे आकड्यांत दिसेल. नवख्यांची सर्वांत मोठी चूक हीच.

पोर्टल फ्रेमचा राफ्टर, कॅन्टिलिव्हर, पुढे लोड वाढण्याची शक्यता असलेला बीम, किंवा क्लायंटच्या अटीतच लिहिलेलं असेल तर मात्र पूर्ण ताकद द्यावीच लागते. भूकंपरोधक चौकटीत बीमच्या टोकाजवळ प्लास्टिक हिंज (स्टील यील्ड होऊन बिजागरीसारखी वळणारी जागा) होणं अपेक्षित असतं. त्या पट्ट्यात जोड टाकूच नका.

उदाहरणाचा बीम

एनपीबी (समांतर फ्लॅन्जचा रोल बीम) ५००×२००×९०.७, ग्रेड ई२५० (यील्ड ताण २५० मेगापास्कल). उंची ५०० मिमी, फ्लॅन्ज २००×१६, वेब १०.२ मिमी, कोपऱ्याची गोलाई २१ मिमी. प्लास्टिक मॉड्युलस २१९४ घसेंमी.

मुद्दाम समांतर फ्लॅन्जचा सेक्शन घेतला आहे. आयएसएमबी या नेहमीच्या भारतीय बीमच्या फ्लॅन्जची आतली बाजू उतरती असते. तिथे आतून सपाट प्लेट बसत नाही आणि बोल्टखाली उतरते वॉशर लावावे लागतात. ते विसरले की बोल्टचं डोकं एका कडेवर टेकतं आणि आवळताना बोल्ट वाकतो. आयएसएमबीच वापरायचा असेल तर फ्लॅन्जला फक्त बाहेरून प्लेट द्या, बोल्ट एकेरी शिअरमध्ये धरा आणि त्यांची संख्या जवळपास दुप्पट होईल याची तयारी ठेवा.

बीमची मोमेंट क्षमता (१.१ हा कोडचा सुरक्षा गुणक): २१९४×१०³ × २५० ÷ १.१ = ४९८.६ किलोन्यूटन-मीटर.

एका फ्लॅन्जची क्षमता: २०० × १६ × २५० ÷ १.१ = ७२७ किलोन्यूटन.

आता वरची सवलत लावून बघा. सगळं मोमेंट फ्लॅन्जवर टाकलं तर प्रत्येक फ्लॅन्जमध्ये ४९८.६ ÷ ०.४८४ = १०३० किलोन्यूटन बल येतं. फ्लॅन्ज मात्र ७२७ लाच यील्ड होतो. प्लेटा जाड केल्या, बोल्ट वाढवले, तरी हे १०३० त्यांच्यापर्यंत पोचवणारा फ्लॅन्ज तोच, १६ मिमीचा. उरलेलं मोमेंट बीममध्ये वेब घेत असतो, तेव्हा जोडातही ते वेबच्या प्लेटांनीच घ्यायला हवं.

किती? दोन्ही फ्लॅन्ज मिळून ७२७.३ × ०.४८४ = ३५२ किलोन्यूटन-मीटर घेतात. उरले १४६.६, म्हणजे एकूण मोमेंटचे २९ टक्के. हा आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कारण जोडाचा अर्ध्याहून जास्त खर्च त्याच्यापायी होणार आहे.

शिअरचं काय? बीमची शिअर क्षमता ५०० × १०.२ × २५० ÷ (√३ × १.१) = ६६९ किलोन्यूटन. शिअर याच्या ०.६ पटीपर्यंत असेल तर मोमेंट क्षमता कमी धरावी लागत नाही. म्हणून पूर्ण मोमेंटबरोबर ४०१ किलोन्यूटन शिअर घेऊ. प्रत्यक्ष शिअर याहून कमी असेल आणि कन्सल्टंटने लेखी मान्यता दिली, तर तो आकडा घ्या, वेबचे बोल्ट कमी होतील.

फ्लॅन्ज: आधी भोकं, मग बोल्ट

बहुतेक जण बोल्टपासून सुरुवात करतात. सुरुवात भोकांपासून करा. भोकांनी फ्लॅन्जच कमकुवत केला, तर पुढचं सगळं गणित वाया जातं.

आयएस ८०० ची अट अशी: ताणाच्या फ्लॅन्जचं भोकं वजा केलेलं क्षेत्रफळ भागिले पूर्ण क्षेत्रफळ हे गुणोत्तर (एफवाय ÷ एफयू) × (१.२५ ÷ १.१) ÷ ०.९ पेक्षा कमी नसेल, तर भोकं विसरता येतात. एफवाय म्हणजे यील्ड ताण, एफयू म्हणजे तुटण्याचा ताण, १.२५ हा तुटण्याचा सुरक्षा गुणक. ई२५० साठी एफयू ४१०, म्हणून मर्यादा ०.७७.

एम२४ बोल्टला २६ मिमीचं भोक. एका रांगेत दोन भोकं: (२०० − ५२) ÷ २०० = ०.७४. नापास. फ्लॅन्जची फाटण्याची ताकद ०.९ × २३६८ × ४१० ÷ १.२५ = ६९९ किलोन्यूटन, म्हणजे ७२७ च्या आत. मोठा बोल्ट घेऊन जोड उलट कमकुवत झाला.

एम२० बोल्टला २२ मिमीचं भोक. (२०० − ४४) ÷ २०० = ०.७८. पास, जेमतेम. फाटण्याची ताकद ७३७ किलोन्यूटन.

आता ग्रेड ई३५० करून बघा. एफवाय ३५०, एफयू ४९०, मर्यादा ०.९० वर जाते. एम२० चं ०.७८ तिथे चालत नाही. फ्लॅन्ज १०१८ किलोन्यूटनला यील्ड व्हायला हवा, पण भोकांच्या रेषेत तो ८८१ लाच फाटेल. थोडक्यात, ई३५० च्या बीमला बोल्टचा पूर्ण ताकदीचा जोड असाच बसत नाही. मग तीन वाटा उरतात: जोड कमी मोमेंटच्या जागी नेणं, भोकांच्या भागात फ्लॅन्जला वर्कशॉपमध्येच प्लेट वेल्ड करून रुंदी किंवा जाडी वाढवणं, किंवा साइटवर पूर्ण वेल्ड. मटेरियल बचतीसाठी ई२५० चं ई३५० केलं आणि स्प्लाइसचं जुनं ड्रॉइंग तसंच ठेवलं, हा प्रकार वारंवार दिसतो. ग्रेड बदलली की जोड पहिल्यापासून तपासा.

उदाहरण ई२५० चंच पुढे नेऊ. बोल्ट एम२०, ग्रेड ८.८, घर्षण पकडीचे, आयएस ३७५७ प्रमाणे. फ्लॅन्जला बाहेरून एक आणि आतून दोन प्लेटा, म्हणजे बोल्ट दुहेरी शिअरमध्ये.

बोल्टची शिअर ताकद, दोन्ही पातळ्यांत आटे धरून: ८०० ÷ √३ × २ × २४५ ÷ १.२५ = १८१ किलोन्यूटन.

बेअरिंग (बोल्ट भोकाच्या कडेवर टेकतो ती ताकद), १६ मिमी फ्लॅन्जवर: टोकाचं अंतर ४०, पिच (बोल्ट ते बोल्ट अंतर) ६०. केबी हा कोडचा बेअरिंग गुणांक, म्हणजे ४० ÷ ६६ = ०.६०६ आणि ६० ÷ ६६ − ०.२५ = ०.६५९ यातला लहान, ०.६०६. ताकद २.५ × ०.६०६ × २० × १६ × ४१० ÷ १.२५ = १५९ किलोन्यूटन.

बोल्टच्या स्टीलपेक्षा फ्लॅन्जच आधी हार मानतो, हे लक्षात घ्या. ७२७ ÷ १५९ = ४.६, दोन-दोनच्या रांगा म्हणून सहा बोल्ट. जोडाच्या प्रत्येक बाजूला, प्रत्येक फ्लॅन्जला सहा.

आता प्लेटा. बाहेरची २०० मिमी रुंद. आतल्या दोघींना जागा कमी: फ्लॅन्जच्या टोकापासून गोलाईपर्यंत (२०० − १०.२) ÷ २ − २१ = ७३.९ मिमी. म्हणून ७० मिमी रुंदीच्या. त्याहून रुंद केली तर प्लेट गोलाईवर चढते, सपाट टेकत नाही, आणि फिटर ग्राइंडरने तिचा कोपरा उडवतो. बोल्टची रेषा प्लेटच्या मध्यावर, म्हणजे टोकापासून ३५ मिमीवर, दोन रेषांमध्ये १३० मिमी. कडेचं किमान अंतर मशीनने कापलेल्या किंवा रोल कडेला १.५ × २२ = ३३ मिमी, पण कातरलेल्या किंवा हाताने गॅसने कापलेल्या कडेला १.७ × २२ = ३७.४. म्हणजे या ७० मिमीच्या पट्ट्या शिअरिंग मशीनवर कापलेल्या चालणार नाहीत. ड्रॉइंगवर तसं लिहा.

जाडी ठरवताना एक सापळा आहे. बाहेरची १० मिमी आणि आतल्या १२ मिमी घेतल्या, तर भोकं वजा करून एकूण ताकद ८०१ किलोन्यूटन येते, ७२७ पेक्षा छान जास्त. पण बोल्ट दोन्ही पातळ्यांतून साधारण सारखंच बल देतो. म्हणजे आतल्या दोघींवर निम्मं, ३६४ येतं, आणि १२ मिमीच्या जोडीची फाटण्याची ताकद ०.९ × ११५२ × ४१० ÷ १.२५ = ३४० च आहे. बेरजेत पास, वाट्यात नापास. आतल्या १४ मिमी करा: ३९७ किलोन्यूटन. बाहेरची १० मिमी ४५० च्या वर आहे, ती राहू द्या.

प्लेटची लांबी: ४० + ६० + ६० + ४० = २०० प्रत्येक बाजूला, मध्ये १० मिमी फट, एकूण ४१० मिमी. ब्लॉक शिअर (बोल्टभोवतीचा तुकडाच फाटून निघणं) तपासा. इथे फ्लॅन्जसाठी ८२७ येतं, चालतं. पहिल्या ते शेवटच्या बोल्टचं अंतर १२० मिमी आहे, १५ व्यासांच्या म्हणजे ३०० च्या बरंच आत, म्हणून लांब जोडाची कपात लागत नाही.

दाबाच्या फ्लॅन्जलाही हाच तपशील द्या. मध्ये फट असल्यामुळे तोंडाला तोंड टेकून बल जाईल हे गृहीत धरता येत नाही.

वेब: इथेच वेळ द्या

वेबच्या बोल्टसमूहावर तीन गोष्टी येतात: शिअर ४०१, वेबच्या वाट्याचं मोमेंट १४६.६, आणि शिअर गुणिले जोडाच्या मध्यापासून बोल्टसमूहाच्या मध्यापर्यंतचं अंतर. तिसरी गोष्ट कॅल्क्युलेशनमध्ये हमखास सुटते. शिअर बोल्टसमूहाच्या मध्यातून जात नाही, जोडाच्या मध्यातून जातो.

वेबला दोन्ही बाजूंनी ४०० मिमी उंचीच्या प्लेटा. गोलाई सोडून वेबची सपाट उंची ४२६ आहे, तेव्हा ४०० आरामात बसतात.

आधी नेहमीच्या सवयीने मांडू: टोकाचं अंतर ४५, आडवी पिच ७०, उभी पिच ६४, सहा ओळी. एका बोल्टची बेअरिंग ताकद १०.२ मिमी वेबवर ११४ किलोन्यूटन. दोन उभ्या रांगा घेतल्या तर कोपऱ्यातल्या बोल्टवर मोमेंटचा आडवा भागच १८३. तीन रांगा घेतल्या तर एकत्रित १३५. चार रांगा घेतल्यावर १०२ येतं आणि जोड पास होतो. चोवीस बोल्ट, एका बाजूला!

इथे नवखा डिझायनर ग्रेड १०.९ चे बोल्ट घेतो. काहीही फरक पडत नाही. ११४ ही बोल्टची ताकद नाही, पातळ वेबला बोल्ट किती टेकू शकतो त्याची आहे. बोल्ट सोन्याचा केला तरी वेब १०.२ मिमीचाच राहतो.

फरक पडतो तो अंतरांनी. टोकाचं अंतर ६५, दोन्ही पिच ८० करा. केबी ०.६८ वरून ०.९६ होतो आणि तोच बोल्ट १६१ किलोन्यूटन घेतो. आता पाच ओळी, तीन रांगा, पंधरा बोल्ट:

मध्यापासून अंतर ५ + ६५ + ८० = १५० मिमी. एकूण मोमेंट १४६.६ + ४०१ × ०.१५ = २०६.८ किलोन्यूटन-मीटर.

अंतरांच्या वर्गांची बेरीज: उभी १,९२,०००, आडवी ६४,०००, एकूण २,५६,००० चौमिमी.

कोपऱ्यातल्या बोल्टवर आडवं २०६.८×१०⁶ × १६० ÷ २,५६,००० = १२९ किलोन्यूटन. उभं ६४.६ + ४०१ ÷ १५ = ९१.४. एकत्रित १५८. ताकद १६१ आणि दुहेरी शिअर १८१. पास.

चोवीसचे पंधरा झाले, तेही फक्त भोकं लांब-लांब पाडून. पातळ वेबच्या जोडात हा हिशेब नेहमी करून बघा. अंतर फार ताणू मात्र नका: दाबाच्या भागात पिच जाडीच्या १२ पट, इथे १२२ मिमी, आणि २०० मिमी यातल्या लहान आकड्याच्या आत हवी.

वेब प्लेटची जाडी बीमच्या वेबच्या निम्मी अधिक दोन मिमी असा एक चालता नियम आहे. तो फक्त शिअरच्या जोडासाठी ठीक. इथे प्लेटांना मोमेंटही घ्यायचं आहे. पहिल्या बोल्टरेषेवर १४६.६ + ४०१ × ०.०७ = १७५ किलोन्यूटन-मीटर येतं. १० मिमीच्या दोन प्लेटा भोकांच्या रेषेत १७३ घेतात, थोडक्यात हुकतं. १२ मिमी घ्या, २०८ मिळतात. प्लेटचा आकार ४००×५४०×१२.

शेवटी पूर्ण ताणाचा भाग एकत्र तपासा. फ्लॅन्जची दोन भोकं आणि वेबच्या खालच्या अर्ध्यातली अडीच भोकं एकाच रेषेत आली असं धरलं तरी उरलेलं गुणोत्तर ०.७८ आहे, ०.७७ च्या वर. प्रत्यक्षात फ्लॅन्ज आणि वेबच्या शेवटच्या रांगा एका रेषेत येतही नाहीत.

एकूण ५४ बोल्ट आणि सुमारे ६६ किलो प्लेट. इस्टिमेट देणाऱ्याला हे आकडे आधीच सांगा.

घसरण: गणित रंगाऱ्याच्या हातात

वरची सगळी ताकद बोल्ट भोकाच्या कडेला टेकल्यानंतरची आहे. भोक बोल्टपेक्षा दोन मिमी मोठं असतं, म्हणून त्याआधी जोड घसरतो आणि बीम जोडाजवळ किंचित वाकलेला दिसतो. नेहमीच्या लोडखाली हे होऊ नये म्हणून बोल्ट ताणून आवळायचे आणि घर्षणाने बल न्यायचं.

एका बोल्टचा ताण ०.७ × ८०० × २४५ = १३७ किलोन्यूटन. दोन पातळ्या, भागिले १.१०. घर्षणांक कोडच्या तक्त्यातून:

शॉट किंवा ग्रिट ब्लास्ट केलेला, सैल गंज काढलेला पृष्ठभाग: ०.५०. बोल्टमागे १२५ किलोन्यूटन.

ब्लास्टवर झिंक सिलिकेटचा थर: ०.३०. बोल्टमागे ७५.

काहीच न केलेला पृष्ठभाग: ०.२०. बोल्टमागे ५०.

रेड लेड मारलेला: ०.१. बोल्टमागे २५.

नेहमीच्या लोडचं फ्लॅन्ज बल ७२७ ÷ १.५ = ४८५. सहा बोल्ट ब्लास्ट पृष्ठभागावर ७४८ देतात. झिंक सिलिकेटवर ४४९, नापास, आठ लागतील. काहीच न केलेल्यावर दहा. वेबच्या कोपऱ्यातल्या बोल्टला १०६ हवेत, म्हणजे ब्लास्टशिवाय तिथेही जमत नाही. जोडाचं डिझाइन ०.५० धरून केलं आणि वर्कशॉपने सगळ्या बीमवर एकसाथ प्रायमर फिरवला, तर कागदावरचा जोड आणि साइटवरचा जोड वेगळे झाले. ड्रॉइंगवर जोडाचा भाग रेखाटून 'या भागावर रंग नाही, मास्किंग टेप' असं लिहा. तेवढ्याने भागत नाही. पेंटिंगच्या आदल्या दिवशी सुपरवायझरला फोनही करा.

ब्लास्ट केलेला उघडा पृष्ठभाग पावसाळ्यात दोन दिवसांत तांबूस होतो. हलका, घट्ट गंज चालतो, वायर ब्रशने सैल भाग काढा. पॉवर ब्रशने घासून चकचकीत मात्र करू नका, खरखरीतपणा जातो. ग्रीस आणि क्रेनचं तेल सॉल्व्हंटने पुसा.

क्रेन गर्डर, कंपनं किंवा उलटसुलट बल असेल तर घसरण अंतिम लोडलाही होऊ देऊ नका. तेव्हा १.१० च्या जागी १.२५ धरून पूर्ण ७२७ साठी तपासा: फ्लॅन्जला आठ बोल्ट लागतील, आणि वेबचे पंधराही पुरणार नाहीत.

वर्कशॉपमध्ये

शक्य असेल तर एकाच रोलिंगमधले दोन तुकडे जोडा. वेगवेगळ्या गिरण्यांच्या बीमच्या उंचीत काही मिमी फरक सहज येतो आणि मग बाहेरची प्लेट एका बाजूला उचलली जाते. फरक दोन मिमीपर्यंत असेल तर बोल्ट ओढून घेतात, त्यापुढे पॅकिंग द्या. पॅकिंग सहा मिमीच्या वर गेलं की बोल्टची शिअर ताकद १ − ०.०१२५ × जाडी इतकी घटते. आठ मिमी पॅकिंगला दहा टक्के कपात. पॅकिंगचा पृष्ठभागही ब्लास्टच हवा.

भोकं ड्रिल किंवा सीएनसीवर पाडा. पाठवण्याआधी जोड जमिनीवर एकदा पूर्ण जुळवा, कॅम्बर असेल तर तो धरून. प्लेटा आणि बीमवर पंचने जुळणीची खूण आणि बाणाने वरची बाजू टाका. नुसत्या खडूच्या खुणा ट्रेलरवरच पुसल्या जातात.

बीमचं टोक तीन-चार मिमी जास्त कापलं गेलं तर ४० चं अंतर ३६ होतं. इथे तेव्हाही बोल्टमागे १४३ किलोन्यूटन मिळतात, सहांचे ८५८, म्हणजे फ्लॅन्जला चालतं. ३३ च्या खाली गेलं तर तुकडा नाकारा.

बोल्टची लांबी: फ्लॅन्जची एकूण जाडी ४०, वॉशर, नट आणि बाहेर दोन-तीन आटे धरून ७५ मिमी. वेबला हिशेबाने ७० पुरतात. पण दोन लांब्या साइटवर गेल्या की मिसळणारच. शिअर ताकद आट्यांवर धरली आहे, म्हणून सगळे ७५ मागवा, फक्त वेबवर नट आट्यांच्या शेवटाला अडत नाही ना ते एका नमुन्यावर बघा. पाच टक्के जास्त मागवा.

साइटवरचा क्रम

पहिला तुकडा टेकूवर आणि तात्पुरत्या ट्रेसलवर (आधाराच्या घोड्यावर) बसवा. दुसरा क्रेनने आणून वेबच्या प्लेटांमध्ये सरकवा. एक वेब प्लेट आधीच पहिल्या तुकड्याला सैल बोल्टवर लटकवून ठेवली की हे सोपं जातं. पॉडगर पान्याची शेपटी आणि ड्रिफ्ट पिना घालून भोकं जुळवा, कोपऱ्यांतल्या भोकांपासून सुरुवात करा. मग फ्लॅन्जच्या प्लेटा, आतल्या आधी.

सगळे बोल्ट हाताने लागले पाहिजेत. एखादा लागत नसेल तर पहिलं काम लेव्हल आणि ओळ तपासण्याचं. गॅसकटरने भोक मोठं करणं हा सर्वांत घातक शॉर्टकट आहे: भोक वेडंवाकडं होतं, कडा कडक आणि ठिसूळ होते, वॉशरखाली टेकायला जागा राहत नाही, आणि वर काढलेलं बेअरिंगचं सगळं गणित रद्द होतं. फार तर रीमरने एक मिमी वाढवा. त्याहून जास्त हवं असेल तर मोजमाप घेऊन नवीन प्लेट पाडून आणा.

लेव्हल जमली की सगळे बोल्ट साध्या पान्याने घट्ट करा, इतके की प्लेटांमध्ये फट दिसू नये. क्रम मधून कडेकडे, म्हणजे फटीजवळच्या बोल्टपासून बाहेर. कडेपासून सुरू केलं तर मधली हवा अडकते: मधले बोल्ट आवळताना प्लेट दबते आणि आधी आवळलेले सैल पडतात. एक फेरी पुरत नाही. दुसरी करा, मग अंतिम आवळणी त्याच क्रमाने.

अंतिम आवळणीसाठी आयएस ४००० मध्ये नटाला ठरावीक वळण देण्याची पद्धत आहे. टॉर्क पाना वापरत असाल तर हे ध्यानात ठेवा: पाना ताण मोजत नाही, पिळण्याचा जोर मोजतो. तेल असलेल्या बोल्टसाठी ०.२ गुणांक धरून ५४८ न्यूटन-मीटर लावले तर १३७ किलोन्यूटन ताण येतो. तोच बोल्ट उघड्यावर गंजून गुणांक ०.३ झाला तर त्याच टॉर्कवर ताण ९१ च, म्हणजे दोन-तृतीयांश. पान्याची सुई बरोबर, क्लिक बरोबर, जोड मात्र सैल. म्हणून बोल्ट बंद डब्यात, सावलीत ठेवा आणि रोज सकाळी त्याच डब्यातले तीन बोल्ट ताणमापकावर लावून टॉर्क ठरवा. वळणाच्या पद्धतीला ही अडचण नाही, फक्त नट आणि बोल्टवर पेंट मार्करने रेघ ओढून सुरुवात करा.

नट फिरवा, डोकं धरून ठेवा, आणि कडक वॉशर फिरणाऱ्या बाजूला. एकदा पूर्ण आवळून सोडलेला बोल्ट पुन्हा वापरू नका. सगळे बोल्ट पूर्ण आवळून तपासणी होईपर्यंत ट्रेसल काढायचा नाही, क्रेन कितीही घाईत असली तरी.

वेल्डचा पर्याय

ई३५० बीमला किंवा दिसण्यासाठी फ्लॅन्जचा पूर्ण खोलीचा बट वेल्ड आणि वेबला बोल्ट, असा मिश्र जोड करता येतो. भोकांची कपात नाही, प्लेटा नाहीत. पण मागे बॅकिंग पट्टी, वेबला कोपऱ्यात अर्धगोल खाच, टोकांना जादा पट्ट्या, भट्टीत वाळवलेले कमी हायड्रोजनचे रॉड, वाऱ्या-पावसापासून आडोसा आणि प्रत्येक फ्लॅन्जची अल्ट्रासॉनिक तपासणी लागते. खालच्या फ्लॅन्जचा वेल्ड वरून, खाचेतून करता येईल अशी तयारी ठेवा. डोक्यावरचा वेल्ड चांगला करणारा वेल्डर सहज मिळत नाही. साइटच्या फिलेट वेल्डला कोडचा सुरक्षा गुणक १.५ आहे, वर्कशॉपच्या १.२५ पेक्षा जास्त. बट वेल्डला मूळ धातूसारखं धरतात, पण काही तपासनीस तिथेही १.५ लावतात आणि मग पूर्ण ताकद कागदावर येतच नाही. हे ड्रॉइंग पाठवण्याआधी त्यांच्याशी लेखी ठरवून घ्या.

शेवटची तपासणी

ट्रेसल काढण्याआधी: प्रत्येक नटाबाहेर किमान एक पूर्ण आटा, रेघा ठरलेल्या कोनात फिरलेल्या, प्लेटांच्या कडेला फीलर गेज शिरत नाही, आणि दहा टक्के बोल्टवर तपासणीचा टॉर्क. त्यातला एकही फिरला तर तो संपूर्ण जोड पुन्हा तपासा. नंतर ट्रेसल हळू उतरवा आणि जोडाजवळची लेव्हल आधी-नंतर मोजून वहीत लिहा. अपेक्षेपेक्षा जास्त खाली गेला असेल तर जोड घसरला आहे, बहुतेक वेळा पृष्ठभागावरच्या रंगामुळे. सगळं ठीक असेल तर उघडे राहिलेले पृष्ठभाग, बोल्टची डोकी आणि प्लेटांच्या कडा त्याच आठवड्यात रंगवून घ्या, विशेषतः वरच्या फ्लॅन्जची १० मिमीची फट सीलंटने बुजवा. पाणी तिथूनच आत जातं.